अण्णाचं हीव

परवा गल्लीत फवारणीवाले आले. पाठीला पंप, तोंडाला रुमाल. भिंतींवर पांढरे ओघळ उठवत घराघरातनं फिरले आणि जाताना दाराच्या चौकटीवर खडूनं काहीबाही खरडून गेले. सूनबाईनं नाकाला पदर लावून खिडक्या उघडल्या. मी बाहेर ओट्यावर बसून राहिले. हस्ताचा पाऊस नुकताच उघडला होता. ऊन अंगाला चिकटत होतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यांतल्या पाण्यावर चिलटांचे थवे खालीवर होत होते. बसल्या जागी मला एकदम शिणल्यासारखं झालं. काम काहीच केलं नव्हतं. हा शीण आजचा नव्हताच. आश्विन आला की तो येतो, माझ्या शेजारी बसतो, आणि दिवाळीची पणती लागेस्तवर उठत नाही.

आमच्या भागात, म्हणजे अणदूर-नळदुर्गाच्या पट्ट्यात, वर्षाचा खरा हंगाम हाच. मूग-उडीद निघून रानं मोकळी झालेली असतात. काळ्या मातीत ओल धरलेली असते आणि शाळूच्या पेरणीला तिफणी निघतात. बांधाबांधाला तरवड फुलतो, इतका पिवळा की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. तुळजापूरच्या वाटेनं ज्योती घेऊन पळणारी पोरं जातात, त्यांच्या "उदो उदो"नं सकाळ उजाडते. आणि माझ्या लहानपणी, हे सगळं चाललेलं असताना, प्रत्येक घरात एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत पडलेलं असायचं. गावाला त्याचं नवल नव्हतं. पेरणी यावी तसं हीव यायचं. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, तिच्या कानडीत त्याला चळीज्वर म्हणायची. पाहुण्याचं नाव घ्यावं तसं म्हणायची. "आला का चळीज्वर? येऊ दे. जाईल."

पण एका आश्विनात आमच्या घरी जे हीव आलं ते गावातलं नव्हतं. ते समुद्रापलीकडून आलं होतं.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. आम्ही निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाका ओलांडला की नाण्यावरचा शिक्का बदलायचा, पोलिसाची टोपी बदलायची, पण बाजार आमचा सोलापूरचाच. माझा थोरला भाऊ मल्लिनाथ, आमचा मल्लूअण्णा, आणि त्याचा जोडीदार खंडू, दोघं एकदा बैल बघायला म्हणून सोलापूरच्या बाजाराला गेले आणि पलटणीत नाव घालून परत आले. खंडू शेजारच्या येसामावशीचा मुलगा. मावशी विधवा, शेळ्या पाळायची, आणि तिचा आवाज असा की शेळीला हाक मारली तर वेशीजवळची माणसं थांबायची. त्या दिवशी तो आवाज दोन्ही घरांनी ऐकला.

"आरं, बैल आणाय गेलता का सोताला इकाय?" ती म्हणाली.

खंडू हसत होता. "आये, जनावरंच सांभाळायची हायेत. खेचरं. आन आगबोटीत बसाय मिळतंय. तू बघितलीस का आगबोट कंदी?"

माझे वडील, अप्पा, उठून गोठ्यात गेले. लिंगायताच्या घरातला पोरगा पलटणीत जातो हे त्यांना पचायचं नव्हतं, पण नाव घातलेलं मागं घेता येत नाही हेही त्यांना कळत होतं. निघताना अव्वानं अण्णाच्या कपाळाला विभूती लावली आणि येसामावशीनं खंडूच्या कनवटीला खंडोबाच्या भंडाऱ्याची एक लहानशी पिशवी बांधली. एवढी तयारी करून दोन पोरं ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडं गेली.

पुढं माझं लग्न झालं, मी सोलापुरात नांदायला आले. माझे यजमान शाळेत मास्तर होते. मला लिहायला-वाचायला त्यांनीच लावलं, म्हणून आज हे उतरवते आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले आणि महालक्ष्म्यांच्या सुमाराला मला मुलगा झाला. त्याच्या आधी, त्या उन्हाळ्यात, पोलीस पाटील येसामावशीच्या दारात येऊन सांगून गेले होते की खंडू गेला. गेला, एवढंच. कुठं गेला, कसा गेला, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तुळजापूरची भवानी नवरात्राआधी मंचकावर निजते. देवी निजलेली, त्या दिवसांतली एक दुपार. मी आतल्या खोलीत बाजेवर होते. खाली शेगडी, खोलीत ओवा-शेपांची धुरी. बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, आणि मग अव्वाचा आवाज, "कोण पायजे?"

ती स्वतःच्या मुलाला विचारत होती.

"अव्वा, पाणी दे," तो म्हणाला.

मग ती जे ओरडली ते मी अजून विसरले नाही. उठता येत नव्हतं तरी मी भिंत धरून दारापर्यंत गेले. अंगणात अण्णा उभा होता. त्याच्या अंगाचा रंग तरवडाच्या फुलासारखा झाला होता. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. खाकी सदरा खांद्यावरून लोंबत होता, आत माणूस आहे की नाही कळू नये असा. अव्वानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. शेजारपाजार गोळा झाला. त्या गर्दीतून येसामावशी आली, अण्णाला तिनं धड बघितलंही नाही, सरळ गाडीच्या मागं गेली आणि आत वाकून बघू लागली. गाडीत एक ट्रंक होती, वर घोंगडी. तिनं घोंगडी उचलून बघितली. खंडू गेला हे तिला चार महिने माहीत होतं. तरी तिनं ती उचलली. कुणी तिला अडवलं नाही.

पलटणीनं अण्णाला निकामी ठरवून घरी धाडला होता. त्याचं हीव एकाआड एक दिवस यायचं. आमचं घर लहान, कोरडी खोली एकच. तेव्हा मधे जुन्या लुगड्याचा पडदा बांधून अव्वानं दोन बाजा टाकल्या, इकडं बाळंतीण, तिकडं तापकरी. तो सबंध आश्विन मी त्या पडद्याआड काढला. आज डोळे मिटले की खोली दिसत नाही, तिचे वास येतात. इकडून ओव्याचा, दुधाचा, बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा. तिकडून घामाचा, ओल्या घोंगडीचा आणि काढ्याचा. दोन्ही मधे कुठंतरी मिसळायचे.

हिवाच्या दिवशी अण्णाला आधी जांभया यायच्या. मग नखं निळी पडायची. मग तो म्हणायचा, "अव्वा, आलं." आणि बाजेच्या दोऱ्या कुरकुरू लागायच्या. घरातलं सगळं पांघरूण त्याच्यावर जायचं, वर अव्वा आडवी पडायची, तरी बाज हलायचीच. शेगडी घरात एकच होती. अव्वा ती माझ्या बाजेखालून काढायची नाही, बाळंतिणीला वारं लागेल म्हणून, आणि तिकडं दात वाजताना तिला ऐकवायचंही नाही. मीच म्हणायची, "ने गं, आधी अण्णाला ने." ती पदरानं शेगडी धरून पडद्याखालून सरकवायची. थोड्या वेळानं अण्णाचं अंग तव्यासारखं तापलं की शेगडी परत माझ्याकडं यायची. माझं बाळ त्या कुरकुरीला इतकं सरावलं की बाज थांबली की जागं व्हायचं.

अव्वा रोज संध्याकाळी दोघांच्या कपाळाला विभूती लावायची, मग बाळाच्या, आणि मग तिथंच उंबऱ्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते दुःख नव्हतं. दुःखाला थोडीतरी उसंत लागते.

हिवावरचं कोयनेल मिळायचं नाही. लढाईपायी ते बाजारातून उठलं होतं. यजमानांनी सोलापुरातून कुणाकुणाला भेटून एकदा थोडं आणलं, ते संपलं. मग गुळवेल, काडेचिराईत, जे कडू असेल ते.

इकडं गावात मात्र वेगळाच ताप चढला होता. चावडीवर खंडूची लढाई सुरू झाली होती. कुणी म्हणे खंडूनं जपान्यांना संगिनीवर घेतलं, कुणी म्हणे तो तोफेसमोर उभा राहिला. ज्यांनी नाक्यापलीकडचं जग बघितलं नव्हतं ते दर्यापलीकडची हकीकत सांगत होते. अप्पांनाही ते बरं वाटत होतं. एका सकाळी ते अण्णाच्या बाजेशी आले आणि खाली बघून बोलले, "मल्लू, येसा इचारील तुला. गोळी लागून गेला म्हणून सांग. छातीत लागली म्हण. म्हातारीला तेवढाच आधार."

अप्पा गेल्यावर पडद्याआडून त्याचा आवाज आला, "गंगू, जागी हायेस?"

"आहे."

"लढाई म्या बघितलीच न्हाय गं. ऐकली निस्ती. डोंगरापल्याड धडधड व्हायची, वळवाचा पाऊस गडगडतो तसली."

आणि मग तो बोलत राहिला. त्या दिवशी थोडं, मग हीव नसेल त्या त्या दिवशी थोडं थोडं. तो मला सांगत होता की छताच्या वाशांना, कोण जाणे. एका बाजूला दर्या, एका बाजूला डोंगर, मधे भाताची खाचरं आणि खाड्या. पुढं कुठलंसं बंदर घ्यायचं होतं. ते घेतलं की लढाई फिरणार होती म्हणे. रोज हुकूम यायचा, आज घ्यायचं. रोज संध्याकाळी ते होतं तिथंच असायचं. खेचरं पोटापर्यंत चिखलात रुतायची आणि खंडू त्यांना शिव्या देत, चुचकारत बाहेर काढायचा. आपल्या खेचरीला तो आईच्या शेळीच्या नावानं हाक मारायचा, चंद्री. गोळी लागून आलेला एखादाच असायचा. हिवानं पडलेल्यांची मात्र रांगच्या रांग. दवाखान्याचे तंबू आधी भरले, मग झाडाखालची जागा भरली. "जपानी आमाला दिसला न्हाय," अण्णा म्हणाला, "आन त्येलाबी आमी दिसलो नसू. मच्छरानं मातूर दोगांलाबी बघितलं."

एका दुपारी त्यानं मला गोळ्यांचं सांगितलं. बंदुकीच्या नव्हे, खायच्या. पिवळ्या, कडू जहर. कधी मिळायच्या, कधी नाही. मिळायच्या तेव्हा संध्याकाळी रांगेत उभं करून द्यायचे. अण्णाचा रंग त्या गोळ्यांनीच पालटला होता. पण पलटणीत आवई उठली होती की त्या खाल्ल्या की माणूस कधी बाप होत नाही. खंडूचं लग्न ठरलेलं होतं, मामाच्या मुलीशी. येसामावशीनं निघतानाच बजावलं होतं, आल्या आल्या अक्षता, आणि वर्षाच्या आत मला नातू पाहिजे.

"तो गोळी जिभेखाली धरायचा," अण्णा म्हणाला. "भुईवर थुंकावी तर हवालदार बघंल. मग पुसून कनवटीच्या पिशवीत टाकायचा. भंडाऱ्यात. म्या म्हणलं, खा रे. तर म्हणायचा, तुझं काय, तू मराय भितोस म्हणून खातोस. मला आईला नातू द्यायचाय."

पडद्याच्या या बाजूला माझं बाळ अंगावर पीत होतं. मी त्याला उगीचच घट्ट धरलं.

मग तिकडं उन्हाळ्यातच पाऊस लागला आणि हुकूम आला, माघारी फिरा. गेले होते त्याच वाटेनं सगळे परत निघाले. बंदर जिथल्या तिथं राहिलं. खंडूला त्या आधीच ताप डोक्यात गेला होता. अण्णानं त्याला चंद्रीच्या पाठीवर बांधला. एक खाडी उतरताना तो बांधल्या जागीच गेला. पलीकडं पोचल्यावर कळलं.

"जाळाय वाळकं लाकूड कुठलं? आपल्या लिंगायती रीतीनं मातीत ठिवला. कपाळाला लावाय भंडारा म्हणून पिशवी सोडली. पान्यानं समदं एक झालतं. भंडारा कुठला आन गोळ्या कुठल्या, कळंना. तेच बोटानं लावलं."

बाहेर कुणाच्यातरी तिफणी आवाज करत रानाकडं चालल्या होत्या.

येसामावशी रोज यायची. चंद्रीचं दूध एका गडव्यातून आणायची आणि अव्वाच्या हातात द्यायची. दारातूनच अण्णाकडं बघायची आणि जायची. एवढी बोलभांड बाई, पण विचारायचं तिच्या जिभेवर येत नव्हतं. विचारलं तर कळेल, आणि कळलं की संपलं, असं काहीतरी असेल. नवरात्र बसलं. घटापाशी अव्वानं पेरलेलं धान्य बोटभर वर आलं. एका दुपारी, अण्णाचा हिवाचा दिवस नव्हता, मावशी आली आणि दूध देऊन गेली नाही. उंबऱ्याच्या आत आली, अण्णाच्या बाजेशी खाली बसली.

"मल्लू," ती म्हणाली, "आता सांग बाबा."

अप्पा ओसरीवर होते. ते खोकले. तो खोकला अण्णासाठी होता, हे घरात सगळ्यांना कळलं.

"मावशी, खंडूला गोळी लागली न्हाय," अण्णा म्हणाला. "हीव लागलं. तापानं गेला त्यो."

ओसरीवरचा खोकला थांबला.

"तापानं," मावशी म्हणाली.

"व्हय."

"आपल्या हितं येतंय, तसल्या हिवानं?"

"तसलंच. लई जोराचं."

"मंजी माज्या लेकाला कुणी मारला न्हाय?"

"न्हाय मावशी."

"आन त्येनं? त्येनं कुणाला मारलं?"

"न्हाय. कुणालाच न्हाय. त्यो खेचरं हाकायचा. परतताना त्येला खेचरीवर बांधून आणत व्हतो, वाटंत गेला. म्या होतो जवळ. मातीत ठिवला त्येला. तुमी दिलेल्या पिशवीतलं कपाळाला लावलं."

तिच्या त्या मोठ्या आवाजाचा जणू दाणाच उरला होता, इतक्या हळू ती म्हणाली, "बरं झालं. त्येच्यापायी कुण्या आईला रडावं लागलं न्हाय."

नंतर एकदम तिनं मान वर केली. "दवा न्हवती का रं तितं? सायबाच्या पलटणीत दवा नसंल का?"

छातीत लागलेली गोळी नाकारणारा माझा भाऊ, खोटं जिभेवर धरत नाही म्हणून लहानपणी अप्पांचा मार खाल्लेला. आता तो काय बोलेल? बोलला तर ही बाई जन्मभर एकच धरून बसेल की नातवाचं मीच बोलले होते.

"व्हती मावशी," अण्णा म्हणाला. आवाज अजिबात हलला नाही. "पन समद्यांला पुरत न्हवती. खंडूपतूर आली न्हाय."

मावशीनं मान हलवली. अण्णाच्या पायावरची घोंगडी नीट केली, गडवा उचलला आणि गेली. संध्याकाळी अण्णाला हीव आलं, ठरल्या दिवसाच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी चावडीवरची लढाई बंद पडली. मावशी शेळ्या घेऊन निघाली होती, तिथं थांबली आणि सगळ्या बाप्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माजा खंडू हिवानं मेला. तुमच्या घरात मरत्यात तसाच मेला. त्येच्या नावानं बंदुका उडवू नका. त्येला आवाज सोसत न्हवता." आणि शेळ्या हाकत पुढं गेली. अप्पा त्या वेळी चावडीवरच बसलेले होते. ते घरी आले, अण्णाच्या बाजेवर टेकले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

दसऱ्याच्या तोंडावर माझ्या सासूबाई नातवाला बघायला आल्या. बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी दोन बाजा बघितल्या, मधला पडदा बघितला आणि अव्वाला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "परमुलखातला ताप आहे. लेकराला लागला म्हणजे?" त्यांची कुजबूजही खणखणीत होती. अण्णा त्या दिवशी बरा होता. सासूबाई गेल्यावर तो उठला, आपली घोंगडी गुंडाळली आणि म्हणाला, "म्या रानात ऱ्हातो. खोप हाय की."

"वेड लागलंय का?" अव्वा म्हणाली. "हीव आल्यावर तितं तुला कोण बघंल?"

"बघाय काय, हलायचंच तर हाय. तितं बी हलंन."

मी रडले, भांडले. पडद्यातनं हात घालून त्याचा सदरा धरला. त्यानं बाळाकडं बघितलं आणि माझी बोटं सोडवली. तो वेशीपर्यंतही गेला नसेल. शेळ्या घेऊन मावशी समोरून येत होती. पुढचं बोलणं आम्ही घरात बसून ऐकलं.

"कुटं निगाला रं घोंगडी घिऊन?"

"रानात. घरात बारकं लेकरू हाय."

"माज्या घरात हाय का लेकरू? न्हाय ना? मग चल तिकडं."

"मावशी, तुमाला लागलं तर?"

"लागू दे की. बघू तरी दे, कसलं आसतंय ते."

असा माझा भाऊ खंडूच्या घरात राहायला गेला. खंडूच्याच जागी त्याची बाज पडली. हीव आलं की आता त्याच्यावर येसामावशी आडवी पडायची. कुणी म्हणालं लिंगायताचा पोरगा तिथं जेवतो, कुणी आणखी काही म्हणालं. अप्पांनी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि दर सोमवारी तिकडं ज्वारीचं पीठ पोचतं करत राहिले. मला घरातली ती अर्धी खोली खायला उठायची. बाज कुरकुरेना, त्यामुळं बाळ झोपेना. शेवटी अव्वा त्याला मांडीवर घेऊन गदगदा हलवायची, तेव्हा कुठं डोळा लागायचा त्याचा.

पुढं अण्णा घरी परत आला, अंगात थोडं बळ आलं, पेरणीचं बघू लागला, त्याचं लग्न झालं. मुलंही झाली. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला येसामावशीनं तिला मांडीवर घेतलं आणि अण्णा उठून बाहेर गेला. का गेला, ते तिथं फक्त मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. आजवरही बोलले नव्हते.

पण दर आश्विनात हीव परत यायचं. शाळूची पेरणी झाली की हीव यायच्या आठवडाभर आधीच त्याला कळायचं. पहिली जांभई आली की तो घोंगडी उचलायचा आणि येसामावशीकडं जायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. त्याच्या बायकोला सुरुवातीला वाईट वाटलं, मग तिनंही ते सोडून दिलं. जोर ओसरेपर्यंत तो तिथं असायचा. रझाकारांच्या वर्षी गावच्या गाव उठून नाक्यापलीकडं इंग्रजी राज्य होतं त्या बाजूला आलं. इंग्रज तोवर निघून गेला होता, नाव तेवढं तोंडात राहिलेलं. तेव्हाही मी बघितलं, आमच्या सोलापूरच्या घरामागच्या पडवीत अण्णा कुडकुडतोय आणि उशाशी मावशी, आणि तिच्या पायाशी दोन शेळ्या. निजामाविरुद्ध लढणाऱ्या सरहद्दीवरच्या कॅम्पातली पोरं त्याच्याकडं आली होती, पलटणीतला माणूस म्हणून बंदूक शिकवा म्हणत. तो घोंगडीतून म्हणाला, "मला येती ती लढाई ही आसली हाय. शिकताव का?" पोरं ओशाळून गेली. पुढच्या आश्विनाआधी निजामाचं राज्य गेलं. अण्णाचं हीव गेलं नाही.

कधी कधी मला वाटतं, केवढी ती पलटण, केवढ्या आगबोटी, कुठलं ते बंदर. सगळं आलं आणि गेलं. कुणाला त्याची आठवणही नसेल. ज्या साहेबानं नकाशावर बोट ठेवलं असेल तो आपल्या देशी जाऊन सुखानं निजला असेल. त्या सगळ्या खटाटोपातून आमच्या वाट्याला शिल्लक राहिलं ते एका माणसाचं दर आश्विनात कुडकुडणं, आणि एका बाईला त्याच्यावर आडवं पडायला मिळणं.

निजाम गेल्यानंतरच्या वर्षी मी दसऱ्याला माहेरी गेले होते. पेरण्या उरकल्या होत्या. अण्णाला जांभई आली नाही. नखं निळी पडली नाहीत. अव्वा रोज त्याच्या अंगाला हात लावून बघायची. आठवडा गेला, दुसरा लागला. अव्वानं देवापुढं नारळ फोडला. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. अण्णा मात्र अस्वस्थ होता. रानातून येताना मावशीच्या दाराकडं बघायचा आणि मान खाली घालून पुढं यायचा.

एका संध्याकाळी मावशी आमच्या अंगणात आली. ती आता वाकली होती. शेळ्याही थोड्याच उरल्या होत्या.

"मल्लू," ती म्हणाली, "बाज टाकून ठिवलीय रं. वाकळ उन्हात घातली. औंदा उशीर झाला?"

अव्वा आनंदानं म्हणाली, "येसा, औंदा त्येला हीव आलंच न्हाय बघ! गेलं एकदाचं."

"गेलं?" मावशी म्हणाली. मग घाईनं म्हणाली, "बरं झालं. लई बरं झालं. गेलंच पायजे." आणि वळली. पण पाय उचलेना तिचा. तिथंच तुळशीकट्ट्याला हात लावून उभी राहिली, चक्कर आलेल्या माणसासारखी.

अण्णा ओसरीवर जेवायला बसला होता. त्यानं ताट सारलं. उठून हात धुतले, आत गेला आणि घोंगडी घेऊन बाहेर आला.

"मावशी, सकाळधरनं अंग मोडून आलंय," तो म्हणाला. "येतंय बहुतेक."

अव्वानं त्याच्या कपाळाला लावायला हात पुढं केला. मी तिचा हात धरला.

थोड्या वेळानं मी मावशीकडं गेले, अण्णाची भाकरी घेऊन. दार उघडंच होतं. अण्णा बाजेवर निजला होता, गळ्यापर्यंत वाकळ. बाहेर अजून ऊन रेंगाळत होतं आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या वाकळेच्या उबेचा. मावशी उशाशी बसून फडक्यानं तो टिपत होती. मी भाकरी ठेवली. खाली वाकताना माझा हात अण्णाच्या वाकळेबाहेर आलेल्या हाताला लागला. हाताला ताप नव्हता, धडधाकट माणसाचा असतो तसाच होता.

मी मावशीकडं बघितलं. तिचा तळहात त्याच्या कपाळावर तसाच होता. तिला कळलं नसेल असं कसं म्हणू? सहा आश्विन तिनं त्या अंगाचा ताप आपल्या अंगानं मोजला होता.

"लई हाय का गं?" मी विचारलं.

"हाय थोडा," मावशी म्हणाली. "उतरंल सकाळपतूर."

अण्णानं डोळे मिटून घेतले आणि बाज थोडी हलवली.